शिळा ब्रेड, सातूचे कण आणि माझं तामस दान



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक ७ ते १० आणि त्यानंतर २० ते २२. मधल्या श्लोकांवरून उडी का मारली, ते पुढे कळेलच.

आजचं चिंतन ब्रेडच्या एका पुडक्यावर आहे. हसू नका. मला त्या पुडक्याने जे शिकवलं, ते मी सतरावा अध्याय तीनदा वाचूनही शिकलो नव्हतो.

झालं असं. गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. शुक्रवारी सकाळी नेहमीसारखी आंघोळ करून गीता उघडली. दहावा श्लोक आला. तामस वृत्तीच्या माणसाला कसलं अन्न आवडतं त्याची यादीच भगवंत तिथे देतात. अर्धवट शिजलेलं, रस गेलेलं, दुर्गंधी सुटलेलं, शिळं, उष्टं आणि देवापुढे ठेवता येणार नाही असं. वाचून पुस्तक मिटलं, नमस्कार केला आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर ब्रेडचं पुडकं पडलं होतं. सोमवारी आणलेलं. निम्मा ब्रेड संपलेला, निम्मा तसाच, आणि कडेचा तो जाड तुकडा, जो आमच्या घरात कुणीच खात नाही, तो प्रत्येक वेळी बाजूला सारून सारून पार चुरगळलेला.

हात लावून बघितलं. कडक. लगेच मनात श्लोक आला, शिळं म्हणजे तामस! आता हे आपण खायचं नाही. खरं सांगतो, मला स्वतःचं कौतुक वाटलं. सकाळी वाचलेलं पंधरा मिनिटांत आचरणात आलं की!

तेवढ्यात मावशी आल्या. आमच्याकडे धुणंभांडी करतात, चार वर्षं झाली. मी ते पुडकं त्यांच्या पिशवीशेजारी ठेवलं आणि म्हणालो, "मावशी, हा ब्रेड घेऊन जा. मुलांना होईल."

मावशींनी पुडकं उचललं. खिडकीच्या उजेडात धरलं, उलटं करून बघितलं. मग शांतपणे ओट्यावर परत ठेवलं.

"राहू द्या दादा. खालनं हिरवा झालाय बघा."

"अरे! हो का... मी बघितलंच नाही."

"आम्हीबी बघूनच खातो, दादा."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांनी नळ सोडला आणि भांड्यांना लागल्या. मी मात्र चहाचं आधण उकळून उकळून आटेपर्यंत तिथेच उभा होतो.

जे मला तामस, ते त्यांना काय?

त्या दिवशी ऑफिसात मन लागलं नाही. एकच प्रश्न फिरत होता. जो ब्रेड मला तामस वाटला म्हणून मी खाणार नव्हतो, तो मावशींच्या मुलांच्या ताटात जाऊन सात्त्विक कसा होणार होता? मी श्लोक पाळला असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात श्लोकाचा उपयोग मी नको असलेली वस्तू दुसऱ्याच्या पिशवीत सरकवण्यासाठी केला होता. वर "मुलांना होईल" असं म्हणून त्याला दानाचा मुलामा दिला.

रात्री पुन्हा सतरावा अध्याय उघडला. हा श्रद्धात्रयविभागयोग, म्हणजे श्रद्धेचे तीन प्रकार सांगणारा अध्याय. फक्त २८ श्लोकांचा. सातव्या श्लोकात भगवंत सांगतात की आहार तीन प्रकारचा, आणि तसंच यज्ञ, तप आणि दानही तीन तीन प्रकारचं. म्हणजे आहार आणि दान ही एकाच सूत्रात ओवलेली आहेत. मी मात्र आहारावर थांबलो होतो. दहाव्या श्लोकावर पुस्तक मिटलं, आणि विसाव्यापासून जे येतं ते माझ्यासाठीच होतं.

विसावा श्लोक सात्त्विक दानाचा. द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेडीची अपेक्षा नसलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला. एकविसावा राजस दानाचा. मोबदल्यासाठी किंवा फळाकडे डोळा ठेवून दिलेलं, देताना जिवावर आलेलं. आणि बाविसावा तामस दानाचा. चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी, चुकीच्या व्यक्तीला दिलेलं, आणि त्याचबरोबर आदर न ठेवता, समोरच्याला कमी लेखून दिलेलं.

आदर न ठेवता. माझं बोट तिथेच थांबलं. मी ते पुडकं उलटं करूनही बघितलं नव्हतं. स्वतः खायचं असतं तर बघितलं असतं ना? देताना न बघणं हाच अनादर. शिव्या देऊनच अपमान होतो असं थोडंच आहे! तामस अन्न टाळायला निघालो आणि तामस दान करून बसलो. दोन्ही एकाच पुडक्यात.

आईचा फोन

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. ती साताऱ्याला असते. आधी इकडचं तिकडचं बोललो, मग घडलेलं सांगितलं. वाटलं होतं, ती "जाऊ दे रे, मुद्दाम केलं नाहीस" म्हणेल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अरे, शिळं आपण खायचं असतं. दुसऱ्याला द्यायचं तर ताजं द्यायचं. एवढं साधं."

मग म्हणाली, "आणि चार दिवस ब्रेड उघडा ठेवतोसच कशाला? दुसऱ्या दिवशी उरला की त्याचा चुरा करून ठेवायचा. आम्ही पावाचा करायचो. कटलेटला लागतो, पॅटिसला लागतो. विकत कशाला आणता तुम्ही तो?"

खरंच आहे. आमच्या डब्यांमध्ये ब्रेडक्रम्सचं विकतचं पाकीट होतं, आणि ओट्यावर ब्रेड सडत होता. ऑफिसात कुणी असा प्रकार केला असता तर मीच मीटिंग बोलावली असती.

मी विचारलं, "पण आई, शिळं तामस असतं म्हणतात ना?"

"फोडणीची पोळी काय ताजी असते? आणि तुला ती इतकी का आवडते मग?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून शोधायला बसलो.

शिळं वेगळं, नासलेलं वेगळं

आपल्या मराठीत उरलेल्या अन्नाला किती शब्द आहेत बघा. उरलेलं, शिळं, उष्टं, खरकटं, आंबलेलं, नासलेलं. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. जुन्या घरांतल्या बायका हे शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. पातेल्यात उरलेला भात हा शिळा. ताटात टाकलेला तो उष्टा. वास आला तर नासलेला. शिळ्याची फोडणी होते, उष्ट्याची होत नाही, आणि नासलेलं सरळ बाहेर.

गीतेतही हे शब्द वेगवेगळेच आहेत. पूति म्हणजे दुर्गंधी सुटलेलं, पर्युषित म्हणजे शिळं, उच्छिष्ट म्हणजे उष्टं. शंकराचार्य भाष्यात पर्युषिताचा अर्थ देतात, शिजवल्यावर मध्ये एक रात्र गेलेलं. यातयाम ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळ जण 'एक प्रहर उलटून गेलेलं' असा करतात, पण आचार्य तिथे 'अर्धवट शिजलेलं' असा अर्थ घेतात, कारण सत्त्व गेलेल्या अन्नासाठी पुढे गतरस हा शब्द आलेलाच आहे. एकेका शब्दाकडे किती बारकाईने बघितलंय! आणि मी सगळ्यांची मोट बांधून 'शिळं म्हणजे वाईट' एवढाच अर्थ घेतला.

विज्ञानही हाच फरक दाखवतं. ब्रेड शिळा होऊन कडक होतो, तो केवळ वाळला म्हणून नाही. भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून मऊ होतो, आणि थंड झाल्यावर त्याचे रेणू हळूहळू पुन्हा घट्ट रचले जातात. म्हणून पुडकं बंद असलं तरी ब्रेड कडक होतोच. फ्रीजमध्ये तर हे जास्त वेगाने होतं, फ्रीझरमध्ये मात्र जवळपास थांबतं. शिळा ब्रेड तव्यावर गरम केला की थोडा वेळ मऊ पडतो, कारण ती रचना उष्णतेने सैल होते. बुरशी ही पूर्ण वेगळी गोष्ट. ती जिवंत असते, हवेतून येते, ओलाव्यावर वाढते. वर हिरवा ठिपका दिसतो तेव्हा तिचे न दिसणारे धागे मऊ ब्रेडमध्ये आत पसरलेले असतात. म्हणून ठिपका कापून बाकीचा ब्रेड खाणं चुकीचं. एका स्लाइसवर बुरशी दिसली तर अख्खं पुडकं टाकायचं. माझं ते पुडकं ओल्या कचऱ्यात गेलं, आणि ते तिथेच जायला हवं होतं.

अजून एक गोष्ट सापडली. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात शिळ्या अन्नाचा विचार आहे. तूप-तेल घातलेलं अन्न बराच काळ राहिलेलं असलं तरी चालतं, आणि गहू, जव आणि दूध ह्यांचे पदार्थ तर स्नेह न घालताही चालतात, असा अपवाद तिथे दिलाय. गहू! म्हणजे शिळ्या पोळीचा लाडू करणाऱ्या आपल्या आज्या काही शास्त्र मोडत नव्हत्या.

पण थांबा. हा अपवाद हातात घेऊन मला दहाव्या श्लोकातून पळवाट काढायची नाही. सातव्या आणि दहाव्या श्लोकात एक शब्द सारखा आहे : प्रिय. कोणाला काय आवडतं, मन कुठे रमतं, ह्याबद्दल भगवंत बोलतायत. माझ्या ओट्यावरचा ब्रेड चार दिवस का पडून राहिला? आळसाने. मी रोज तो बघत होतो आणि रोज म्हणत होतो, बघू नंतर. तमोगुणाची खूण सांगताना भगवंत चौदाव्या अध्यायात प्रमाद, आळस आणि झोप ह्यांची नावं घेतात. ब्रेडवर बुरशी शुक्रवारी दिसली, पण आळसाची बुरशी माझ्यावर मंगळवारीच धरली होती.

चुरा कसा करायचा

मंगळवारी नवीन ब्रेड आणला. बुधवारी संध्याकाळी सात स्लाइस उरल्या, कडेच्या दोन्ही जाड तुकड्यांसकट. आईने सांगितलं तसं केलं. तुम्हीही करून बघा, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्रत्येक स्लाइस उजेडात दोन्ही बाजूंनी बघायची आणि वास घ्यायचा. (मावशींनी शिकवलेली पहिली पायरी!) हिरवा, काळा, पांढरा, कसलाही ठिपका किंवा कुबट वास असेल तर इथेच थांबायचं. कुणी चावा घेतलेला तुकडा घ्यायचा नाही, तो उष्टा.

मग हाताने लहान तुकडे करायचे. ओव्हन असेल तर १३० अंश सेल्सिअसवर ट्रेमध्ये एका थरात पसरून २० ते ३० मिनिटं, मध्ये एकदा हलवून. ओव्हन नसेल तर जाड तवा, अगदी मंद आच, आणि सतत परतत राहायचं. रंग फार बदलायला नको, फक्त पाणी जायला हवं. तुकडा बोटांनी दाबला की मोडला पाहिजे, वाकता कामा नये. उन्हाळ्यात ताटात पसरून, वर फडकं टाकून कडक उन्हात वाळवलं तरी चालतं. पावसाळ्यात तो नाद करू नका, वाळण्याआधी बुरशी येईल.

नंतर पूर्ण गार होऊ द्यायचं. ही पायरी मी घाईत गाळली आणि मिक्सरच्या भांड्यात वाफ धरून गोळा झाला. गार झाल्यावर मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. मग चाळणीने चाळायचं. बारीक चुरा कटलेटच्या आवरणाला, वरचा जाडसर चुरा पॅटिसच्या सारणात किंवा पातळ रस्सा दाट करायला. कोरड्या काचेच्या बरणीत भरून वर तारीख लिहायची. बरणी कोरडी राहिली तर महिनाभर सहज टिकतो. पावसाळ्यात किंवा जास्त दिवस ठेवायचा असेल तर फ्रीझरमध्ये.

ब्रेडच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं. त्यामुळे सात स्लाइसचा चुरा बघून "एवढाच?" असं वाटतं. मलाही वाटलं. पण तो जो उरतो तो टिकतो. बुरशीला जे हवं होतं, तो ओलावा, तेवढाच गेलेला असतो.

आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं : "छान झालाय. सातूच्या पिठासारखा दिसतोय."

सातू! तो शब्द वाचला आणि मुंगूस आठवलं.

अर्ध्या सोन्याचं मुंगूस

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातली ही कथा तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. युधिष्ठिराचा अश्वमेध यज्ञ पार पडला. अन्नदान झालं, दक्षिणा झाली, सगळीकडे जयजयकार. तेवढ्यात बिळातून एक मुंगूस आलं. त्याचं डोकं आणि अर्धं अंग सोन्याचं. ते माणसाच्या वाणीने म्हणालं, की तुमचा हा यज्ञ कुरुक्षेत्रातल्या एका गरीब ब्राह्मणाच्या प्रस्थभर सातूच्या पिठाची बरोबरी करू शकत नाही.

सभा चकित झाली. मुंगसाने गोष्ट सांगितली. तो ब्राह्मण उंछवृत्तीने राहायचा. म्हणजे पीक काढून नेल्यावर शेतात जे दाणे पडून राहतात, ते वेचून आणायचे आणि त्यावर घर चालवायचं. आपल्याकडे खेड्यात ह्याला सरवा वेचणं म्हणतात. दुष्काळ पडला. कित्येक दिवस उपास घडले. एक दिवस कसेबसे प्रस्थभर जव मिळाले. ते भाजून, दळून त्याचं सातूचं पीठ केलं. संस्कृतात सक्तु, त्यावरूनच आपला सातू.

पिठाचे चार वाटे केले. ब्राह्मण, त्याची बायको, मुलगा आणि सून. प्रत्येकाला एक कुडव. चार कुडवांचं एक प्रस्थ होतं, म्हणजे चौघांना अगदी सारखं. जेवायला बसणार तोच दारात अतिथी. ब्राह्मणाने आदराने आत घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं, आसन दिलं आणि स्वतःचा वाटा पुढे ठेवला. अतिथीचं पोट भरलं नाही. बायकोने आपला वाटा पुढे केला. ब्राह्मण आधी नको म्हणाला, ती उपाशी आहे हे त्याला दिसत होतं. तिने ऐकलं नाही. मग मुलाचा वाटा, मग सुनेचा. अतिथी तृप्त झाला. तो साक्षात धर्म होता. चौघं उत्तम गतीला गेली. नंतर त्या जागी मुंगूस आलं, सांडलेल्या सातूच्या कणांमध्ये आणि पाण्याच्या ओलीत लोळलं, आणि जिथे ते कण लागले तिथे सोन्याचं झालं. उरलेलं अंग सोन्याचं व्हावं म्हणून ते मोठमोठ्या यज्ञांच्या जागी जातंय. युधिष्ठिराच्या यज्ञातही लोळलं. काही झालं नाही.

ही गोष्ट मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. पण त्या शनिवारी, हातात चुऱ्याची बरणी धरून, मला त्यात तीन गोष्टी पहिल्यांदा दिसल्या.

पहिली. ह्या गोष्टीत उरलेलं अन्न आहे, सांडलेलं अन्न आहे, वेचलेलं अन्न आहे. सरव्याचे दाणे ही दुसऱ्याने सोडलेली वस्तू. पण ब्राह्मणाने ती स्वतःसाठी वेचली. आणि अतिथीला दिलं ते घरातलं सगळ्यात चांगलं, खरं तर घरात होतं ते सगळंच. उरलेलं स्वतःकडे, उत्तम दुसऱ्याकडे. मी नेमकं उलटं केलं होतं. उत्तम फ्रीजमध्ये ठेवलं आणि उरलेलं मावशींना.

दुसरी. द्यायची सुरुवात ब्राह्मणाने स्वतःच्या ताटापासून केली. सुनेच्या ताटापासून नाही. इथे मला आईचं वाक्य टोचायला लागलं. "शिळं आपण खायचं" असं ती म्हणते, पण त्यातला 'आपण' कोण? आमच्या घरात शिळी पोळी नेहमी तिच्याच ताटात असायची. बाबांना ताजी, मला ताजी, तिला कालची. आम्ही त्याला तिचा त्याग म्हणायचो आणि ताजी पोळी खायचो. त्या गरीब घरात मात्र चार वाटे सारखे होते. शिळं घरातच संपवायचं तर ते सगळ्यांनी वाटून संपवायचं. एकाच बाईच्या ताटात ते साठत असेल तर ते दानही नाही आणि काटकसरही नाही.

तिसरी. मुंगसाने सोनं शोधलं ते कणांमध्ये. इतक्या लहान गोष्टीत. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाबद्दलची व्रतं सांगितली आहेत : अन्नाची निंदा करू नये, अन्न अव्हेरू नये, अन्न वाढवावं. आणि पुढे, घरी आलेल्या कुणाला परत पाठवू नये. कडेचा जाड तुकडा रोज बाजूला सारणं ही निंदाच आहे, तोंडाने न केलेली. तो शेतात पिकला, दळला गेला, कुणीतरी पहाटे भट्टीपुढे उभं राहून भाजला. माझ्यापर्यंत पोचल्यावर तो 'कडेचा' झाला.

मग काय केलं

सोमवारी मावशी आल्यावर म्हणालो, "मावशी, त्या दिवशी माझं चुकलं. न बघता दिलं तुम्हाला."

त्या हसल्या. "असू द्या. घाईत असता तुम्ही." माफ करायला त्यांना एक क्षण लागला. मला माफी मागायला दहा दिवस लागले होते.

त्या दिवशी रजा होती. बटाटा, गाजर, मटार उकडून कटलेट केले, वर घरचा चुरा लावून तव्यावर भाजले. पहिला मी खाल्ला. मग सगळ्यांना वाढले, मावशींनाही, आमच्याबरोबर, आमच्यासारख्याच ताटलीत. त्यांनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ कमी झालंय, दादा." बायको मोठ्याने हसली. मीठ खरंच कमी होतं.

ह्यात मी काही मोठं केलं असं समजू नका. चार वर्षांत पहिल्यांदा मावशी आमच्याबरोबर बसून खात होत्या. ह्यात कौतुकापेक्षा लाजच जास्त आहे. पण माझ्यापुरती एक कसोटी मला मिळाली : द्यायचं ते माझ्या ताटात असावं. जे मी आत्ता, ह्या क्षणी आनंदाने खाईन तेच दुसऱ्यापुढे ठेवावं. बाकी जे उरेल त्याचा चुरा करावा, लाडू करावा, फोडणी द्यावी, आणि स्वतः खावं.

तुमचे दोन प्रश्न

असं काही लिहिलं की मेसेज येतात, म्हणून आधीच सांगतो.

"ब्रेडच्या चुऱ्याचे कटलेट नैवेद्याला चालतील का?" आमच्या घरी आम्ही बाजारचा ब्रेड नैवेद्यात ठेवत नाही. देवाला ताजा वरणभात, साधी पोळी, फळ, जे असेल ते. तुमच्या घरची किंवा गुरूंची जी रीत असेल ती पाळा. पण ज्याच्यासाठी ताजं शिजवतो तो देव दारातून आत येणाऱ्या माणसातही आहे, एवढं लक्षात असू द्या.

"मग उरलेलं अन्न कुणाला द्यायचंच नाही का?" द्यायचं. समारंभात जास्त झालेलं चांगलं अन्न तासाभरात भुकेल्या माणसापर्यंत पोचवणं हे फार चांगलं काम आहे. पण तेव्हाही तीच कसोटी. हे मी आत्ता खाईन का? उत्तर हो असेल तर आदराने, नीट बांधून, स्वच्छ डब्यात द्या. उत्तर नाही असेल तर ते दान नाही, कचरा आहे. आणि कचरा दुसऱ्याच्या हातात देऊन पुण्य मिळत नाही.

आजचा अभ्यास

आज रात्री झोपण्याआधी स्वयंपाकघरात जा. ओटा, फ्रीज, ब्रेडचा डबा बघा. जे उरलंय ते हातात घ्या, उजेडात धरा, उलटं करून बघा. त्याचं काय करायचं ते आजच ठरवा, "बघू नंतर" म्हणू नका. आणि आठवड्यातून एकदा तरी कुणाला काहीतरी ताजं द्या, स्वतःच्या ताटात वाढून घेण्याआधी.

आमच्या ओट्यावर ती बरणी आता कायमची आहे. चुरा अर्ध्यावर आलाय. रोज सकाळी गीता वाचून चहा टाकायला गेलो की ती दिसते, आणि मावशींचा तो शांत आवाज ऐकू येतो, आम्हीबी बघूनच खातो, दादा.

हे भगवंता, माझ्या हातून जे दिलं जाईल ते मी आधी नीट बघितलेलं असू दे. माझ्या घरात उरलेल्याचा आळस साठू नये आणि चांगल्याचा लोभ साठू नये. मुंगसासारखं अर्धं अंग तरी उजळू दे.

उद्या अठरावा अध्याय सुरू करू.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥